साळू घरात नाही

"हा आवाज घरी नेऊ नकोस," असं रेकॉर्डिस्टकाकांनी मला साळूच्या रेकॉर्डिंगच्या पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं. मी हेडफोन खुंटीला अडकवता अडकवता हसले आणि म्हणाले, "काका, आवाज काय पिशवीत भरून नेतात का?"

काका हसले नाहीत. "पोरी, आमच्याकडे एक जण खलनायक करायचा. आवाज असा की खुर्च्या हलायच्या. पुढे पुढे घरी दूधवाल्याशीही त्याच आवाजात बोलायला लागला. बायको माहेरी निघून गेली."

"आणि दूधवाला?"

"दूधवाला टिकला. पण दारात बाटली ठेवून पळायचा."

सगळे खो खो हसले. काकांच्या पोतडीत असे किस्से भरपूर होते, त्यातलाच हा एक असं धरून मी सोडून दिलं.

मी डबिंग करते. परदेशी कार्टूनमधली पात्रं पडद्यावर त्यांच्या भाषेत ओठ हलवतात, आणि त्या ओठांवर बसतील अशी आपली वाक्यं आम्ही अर्धवट अंधाऱ्या खोलीत उभं राहून म्हणतो. भिंतींना गादी लावलेली असते. आत जाताना बूट काढायचे, घड्याळ काढायचं, सळसळणारा कपडा घालून यायचंच नाही. पोटात कावळे ओरडले तर ते माईकला खरोखर ऐकू जातात, म्हणून काहीतरी खाऊन यायचं. तोंड चिकट झालं की जिभेचा चटचट आवाज येतो, त्यावर आंबट सफरचंदाची फोड. नुसती वाक्यं म्हणून भागत नाही. पात्र जिना चढलं की धापही आपलीच, पडलं की कण्हणंही आपलंच.

साळू ही साळिंदराची पोर. अंगभर काटे, पायात लाल बूट, आणि भीती नावाचा प्रकारच माहीत नाही. वादळ आलं तर "अरे वा, वादळ!" म्हणणारी. तिचा आवाज माझ्या आवाजाच्या बराच वर, नाकाच्या मुळाशी कुठेतरी असतो, थोडा खरखरीत. तो काढायला घशाला एक पीळ द्यावा लागतो. निवडीच्या दिवशी तो मला पहिल्या झटक्यात सापडला. दिग्दर्शिकाबाई म्हणाल्या, "झालं. बाकीच्यांना चहा पाजून घरी पाठवा."

तेव्हा माझी मुलगी पोटात होती. ती जन्मली गोल, चपटी, टुकटुकीत. तिच्या बाबाने तिला हातात घेतलं आणि म्हणाला, "ही तर गुंडी आहे, शर्टाची." तेच नाव पडलं.

मूल झाल्यावर आनंद होतो असं सगळे सांगतात, आणि तो होतोही. पण गुंडीबरोबर आमच्या घरात आणखी एक बिऱ्हाड राहायला आलं, ते माझ्या भीतीचं. ती झोपली की मी तिच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. खिडक्यांच्या कड्या लावून झाल्या की त्या लावल्या आहेत का ते बघायला परत जायची. गाजर उकडून, किसून, वर चमच्याने चिरडून द्यायची. कॉलेजात मी मानसशास्त्र घेतलं होतं. त्याचा फायदा एवढाच झाला की या सगळ्याला काय म्हणतात ते मला ठाऊक होतं. नाव ठाऊक असलं म्हणून पाहुणा उठून जात नाही.

आणि ती भीती माझ्या आवाजात उतरायची. मुळात माझा आवाज जाड, खालच्या पट्टीतला. तो कापला की फारच कापल्यासारखा वाटतो. मी अंगाई म्हणायला लागले की गुंडी डोळे मोठे करून माझ्याकडे बघायची आणि तिचा खालचा ओठ पुढे यायचा. एकदा सासूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, "अगं, तू तिला निजवतेयस की कुणी गेल्याची बातमी देतेयस?"

मग तिचा कान दुखायला लागला. कानात थेंब घालायचे होते. बाबाने पाय धरले, सासूबाईंनी हात, आणि मी बाटली घेऊन उभी. गुंडीने सगळी इमारत डोक्यावर घेतली होती. मी तोंड उघडलं, आणि बाहेर आली साळू. "अरे वा, औषध! कुणाचा कान आधी? माझा की तुझा?"

गुंडी गप्प. टकामका बघायला लागली. थेंब कानात गेले, तिला कळलंसुद्धा नाही. बाबाने पाय सोडले आणि म्हणाला, "हे आधी का नाही काढलंस?"

खरंच, आधी का नाही काढलं, असं मलाही वाटलं. मग नखं कापताना साळू, आंघोळीला साळू, गाजराला साळू, झोपायला साळू. गुंडी बोलायला लागली तेव्हा तिला माझ्या तोंडातून साळू येणं ही पंख्यातून वारा येण्याइतकी साधी गोष्ट झाली होती. पाहुणे आले की म्हणायचे, "किती हसतमुख आई आहे! आमच्याकडे जेवणाच्या वेळी नुसतं रणकंदन." मी साळूच्याच आवाजात म्हणायची, "अरे वा, रणकंदन!" आणि सगळे हसायचे.

पण मला तो आवाज धरून ठेवावासा वाटायचा त्याचं कारण पाहुणे नव्हते. साळू घाबरत नाही. मी तिच्या आवाजात असेपर्यंत मीही घाबरायची नाही. गळ्याला पीळ दिला की छातीतली धडधड कुठेतरी मागच्या खोलीत गेल्यासारखी वाटायची. मग मी तो पीळ सोडेनाशी झाले. बालरोगतज्ज्ञांशी बोलताना, दारावर पार्सल घेऊन येणाऱ्याशी बोलताना. पूर्ण साळू नाही, पण तिच्या जवळपासची पट्टी. दर रविवारी माझ्या आईचा फोन यायचा. "कशी आहेस गं?" आई विचारायची. "मस्त!" वरच्या पट्टीत. "आणि गुंडी?" "एकदम मस्त!" आई समाधानाने फोन ठेवायची.

गुंडी तीन वर्षांची व्हायच्या बेतात होती तेव्हा माझा घसा बसला. आधी नुसती खवखव होती, मग सकाळी उठल्यावर आवाजच फुटेना. साळूचं रेकॉर्डिंग पुढे ढकललं गेलं. नेमके त्याच दिवसांत गुंडीचे बूट तोकडे झाले, म्हणून मी तिला घेऊन दुकानांच्या मोठ्या इमारतीत गेले. बूट घेतले, तिने ते तिथेच पायात घातले, आणि आम्ही बाहेर पडलो.

त्या इमारतीच्या तळघरातून गाड्या वर येतात. उतार चढून येणारी गाडी सरळ पदपथ ओलांडून रस्त्याला लागते. मी ते जातानाच पाहून ठेवलं होतं. कोपऱ्यातला गोल आरसा, गाडी वर येताना लागणारा लाल दिवा, खुर्चीवर बसलेला रखवालदार, सगळं. मी कुठेही गेले की आधी हेच बघते. मी पिशवी या हातातून त्या हातात घेतली, तेवढ्यात गुंडीने हात सोडवला. उताराच्या तोंडाशी एक मांजर बसलं होतं. तिला त्याला नवे बूट दाखवायचे होते.

लाल दिवा लागला. मी ओरडले, "गुंडी, थांब!"

माझा तो आवाज जाडा आणि फाटलेला होता. गुंडीने वळून बघितलं. मी तिच्या डोळ्यांत नीट बघितलं, म्हणून सांगते, तिने ऐकलं होतं. कुणीतरी अनोळखी बाई कुणावर तरी ओरडतेय, असं बघितलं तिने, आणि पुन्हा मांजराकडे धावली.

रखवालदाराने खुर्चीतून झेप टाकून तिच्या फ्रॉकची पाठ पकडली. गाडी हातभर अंतरावर थांबली. गाडीतली बाई दार उघडंच टाकून खाली उतरली. ती मला म्हणाली, "अहो, हाक मारता येत नाही का मुलीला?"

दिवसभर हाका मारायचेच पैसे मिळतात मला.

पदपथाच्या कडेला बसून मी गुंडीला मांडीवर घेतलं. तिला काही झालं नव्हतं. फ्रॉक ओढला गेल्याचा तिला राग आला होता आणि मांजर पळून गेल्याचा त्याहून जास्त.

"मी थांब म्हटलं ना? तुला ऐकू नाही आलं?"

"आलं."

"मग थांबली का नाहीस?"

गुंडी बुटाकडे बघत म्हणाली, "साळूने नाही सांगितलं."

तिचा सूर साधा होता, जसा आपण म्हणतो की आज शाळा नाही.

घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून आत बघितलं. पडद्यावर माझे स्वरतंतू दिसत होते, त्यांच्या कडेला दोन बारीक गाठी, पायाला बूट लागून घट्टे पडतात तशा. "तुम्ही गळा आवळून बोलता का खूप वेळ?" डॉक्टरांनी विचारलं. मी म्हणाले, कामावर बोलते. नवरा शेजारीच बसला होता. तो म्हणाला, "आणि घरी. आणि फोनवर. आणि लिफ्टमध्ये." डॉक्टरांनी आधी पूर्ण मौन सांगितलं. नंतर फक्त स्वतःच्या, खालच्या आवाजात बोलायचं. "तो दुसरा आवाज काही महिने अजिबात नको. पुढचं पुढे बघू."

मौनाच्या दिवसांत घरात साळूची शोधाशोध सुरू झाली. गुंडीने कपाट उघडून बघितलं. माझा जबडा दोन्ही हातांनी उघडून आत बघितलं. बाबाने एकदा जीव तोडून साळू काढायचा प्रयत्न केला. गुंडीने चमचा खाली ठेवला आणि म्हणाली, "बाबा, गप."

डॉक्टरांनी बोलायची परवानगी दिली त्या सकाळी मी तिच्या उशाशी बसले. काय बोलायचं तेच सुचेना. साळूला सगळं सुचायचं. मी म्हणाले, "उठतेस ना?"

गुंडीने पांघरूण डोक्यावर ओढलं. "तू नको. साळू पाहिजे."

तिने अंडं खाल्लं नाही, आंघोळीला आली नाही. मी जवळ गेले की "तू नको", आणि दूर गेले की रडू. असं रोज चाललं. शेवटी सासूबाई वैतागल्या. "अगं, काढ तो आवाज एकदाचा. हळूच काढ. दोन घास तरी जातील पोटात."

"आई, डॉक्टर नाही म्हणालेत."

"डॉक्टरला काय जातंय? त्यांना कुठे भरवायचंय?"

"आणि डॉक्टर हो म्हणाले तरी मी काढणार नाही."

सासूबाईंनी हातातलं फडकं ओट्यावर ठेवलं. मी लग्न होऊन या घरात आल्यापासून त्यांना कधी इतक्या सरळ 'नाही' म्हटलं नव्हतं. 'बघू हं, आई' असं काहीतरी म्हणायची मी. त्या म्हणाल्या, "लग्न ठरायच्या आधी तू एकदा फोन केला होतास, आठवतं? मी उचलला होता. ह्याला म्हटलं, अरे, मुलीचा फोन आहे की विमा कंपनीचा साहेब बोलतोय?"

"मग काय म्हणाला तो?"

"तो काय म्हणणार. लाजला." त्यांनी फडकं पुन्हा उचललं. "पण मला बरं वाटलं होतं. म्हटलं, ही बोलेल ते पटेल माणसांना. मग गुंडी झाली आणि तू नुसती चिवचिवच करायला लागलीस."

त्याच आठवड्यात दिग्दर्शिकाबाईंचा फोन आला. साळूचा पुढचा भाग यायचा होता, आणि त्या माझ्यासाठी थांबायला तयार होत्या. "तू बरी हो गं निवांत. साळू तुझीच आहे." या धंद्यात कुणी कुणासाठी थांबत नाही, हे मला माहीत होतं. मी विचार करून सांगते म्हणाले.

संध्याकाळी मी आणि नवरा दोरीवरचे कपडे काढून घड्या घालत होतो. गुंडी आजीबरोबर खाली गेली होती. मी सांगितलं की साळू सोडायची म्हणतेय. त्याने मोजा हातात तसाच धरला.

"अगं, गळा बरा होईल. काही महिन्यांचा तर प्रश्न आहे. तुझं सगळ्यांत गाजलेलं काम आहे ते."

"गाजलंय ना. म्हणून तर चोवीस तास चालू होतं."

"घरी नको काढूस मग. कामावर काढ."

"मला नाही जमणार. एकदा गळ्यात आला की घरी आल्यावर मी तो ठेवणार नाही, मला माहितेय." मग मी ते म्हणाले, जे त्याला इतक्या वर्षांत म्हटलं नव्हतं. "मला भीती वाटते रे. रोज. सकाळी डोळे उघडल्यापासून."

"कसली?"

"तिला काहीतरी होईल. तू घरी येणार नाहीस. मी चुकीचं काहीतरी करीन. गॅस. जिना. द्राक्षं."

"द्राक्षं?"

"घशात अडकतात."

तो हसायच्या बेतात होता, पण माझ्या तोंडाकडे बघून थांबला. "मला वाटायचं तू मजेत आहेस. मी ऑफिसात सगळ्यांना सांगतो, माझी बायको कशालाच घाबरत नाही."

"ती साळू."

"मग हे आधी का नाही बोललीस?"

"तोंड उघडलं की तीच बोलायची."

तो बराच वेळ मोज्याची जोडी शोधत राहिला. ती त्याच्या मांडीवरच होती. मग म्हणाला, "तुझी धाकधूक आपण वाटून घेऊ. द्राक्षं माझ्याकडे दे. आजपासून द्राक्षं मी चिरणार." हे काही फार मोठं वाक्य नव्हतं. पण त्या दिवसापासून द्राक्षं तो चिरतो, उभी, चार-चार फोडी करून, आणि मी तिकडे बघायला जात नाही. निदान रोज नाही.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन करून नाही म्हणाले. त्यांना राग आला, मग वाईट वाटलं, मग त्यांनी नवी मुलगी शोधली. साळू जाताना मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. बाथरूममध्ये नळ सोडून मी रडले, आणि ते रडणं माझ्याच आवाजातलं होतं, त्यामुळे नळाच्या वर ऐकू गेलं. सासूबाईंनी दार वाजवून विचारलं, "पाणी वाया कशाला घालवतेस? बाहेर येऊन रड."

एवढं करूनही गुंडीचा प्रश्न जागच्या जागीच होता. "साळू कुठे गेली?" शेजारच्या काकूंनी सल्ला दिला, "सांग ना, गावाला गेली म्हणून. मुलं विसरतात." मला ते पटलं नाही. गावाला गेलेली साळू परत येऊ शकते, आणि तोवर मी नुसती तिची बदली.

"साळू म्हणजे मीच होते," मी तिला सांगून बघितलं. गुंडीने मान हलवली. "तू नाही. तू आई आहेस."

मग मी काकांना फोन केला आणि नव्या मुलीचं रेकॉर्डिंग असेल त्या दिवशी गुंडीला घेऊन स्टुडिओत गेले. काकांनी तिला आपल्या शेजारच्या फिरत्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या कानांवर हेडफोन चढवले, ते तिच्या गालांपर्यंत आले. काचेपलीकडे एक सडपातळ मुलगी अनवाणी उभी होती. पडद्यावर लाल बूट घातलेली साळू पूल ओलांडत होती. मुलीने घशाला पीळ दिला. मला इकडे बसून तो माझ्या घशात जाणवला. "अरे वा, पूल! हलतोय वाटतं!" हेडफोनमधून आलं.

गुंडी खुर्चीत ताठ झाली. तिने पडद्याकडे बघितलं, मग काचेतून मुलीकडे, मग पुन्हा पडद्याकडे. मुलगी धाप टाकत होती, दोन्ही हात हवेत उडवत होती, आणि तिचा चेहरा असा वेडावाकडा झाला होता जसा माझाही होत असणार. पुलाचा प्रसंग संपला. मुलीने सफरचंदाची फोड तोंडात टाकली, घाम पुसला आणि स्वतःच्या, पातळशा आवाजात काकांना विचारलं, "बसलं का ओठांवर?"

गुंडीने हेडफोन काढले. "ती साळू नाही. ती ताई आहे."

"हो," मी म्हणाले. "ताई साळूचा आवाज काढते. आधी मी काढायची."

गुंडीने हेडफोन मांडीवर ठेवले. काका उगाच बटणं पुसत होते. मग तिने खुर्ची माझ्याकडे फिरवली आणि विचारलं, "मग तू कोण?"

अशा प्रश्नाला साळूकडे पटकन उत्तर असतं. मी गुडघ्यांवर बसले, म्हणजे तिला माझं तोंड नीट दिसेल. "मी तुझी आई. माझा आवाज असा आहे, जाडा. आणि मला भीती वाटते कधी कधी. साळूला वाटायची नाही, मला वाटते."

"कशाची?"

"गाडीची. त्या दिवशी वाटली ना, मांजराजवळ."

"मला नाही वाटली."

"माहितेय. म्हणून दोघींच्या वाटची मलाच वाटून घ्यावी लागली."

तिला हे कितपत कळलं, मला सांगता येणार नाही. तिने बोट माझ्या गळ्यावर ठेवलं आणि म्हणाली, "बोल." मी म्हणाले, "काय बोलू?" तिच्या बोटाखाली काहीतरी गुरगुरलं असणार, कारण ती दचकली आणि हसली. "परत बोल." त्या दिवशी घरी येईपर्यंत मी बोलतच होते, दुकानांच्या पाट्या वाचून दाखवत, आणि ती कडेवर बसून गळ्याला बोट लावून होती. आमच्याकडे वळून बघणाऱ्यांना काय वाटलं असेल कुणास ठाऊक.

हे झालं म्हणून सगळं सुरळीत झालं असं नाही. झोपताना ती अजूनही अधूनमधून साळू मागते. मी नाही म्हणते, ती रडते, मी शेजारी बसून राहते. परवा आम्ही रस्त्याच्या कडेला उभ्या होतो. तिने एक पाय खाली टाकला. मी म्हणाले, "थांब." ती थांबली. माझ्याकडे वर बघितलं आणि विचारलं, "का?"

साळूला तिने कधीच 'का' विचारलं नव्हतं. साळूचं ऐकायचं, बस. मी तिला वळणावरून येणारी गाडी दाखवली, ती किती वेगात येते, वळताना चालवणाऱ्याला आपण दिसत नाही, हे सांगितलं. सांगताना माझा आवाज कापला. तिने तो कापताना ऐकला आणि माझं बोट घट्ट धरलं. तो कापला म्हणून ती घाबरली नाही. लहान असताना घाबरायची, पण तेव्हा तिला 'का' विचारता येत नव्हतं आणि मला सांगता येत नव्हतं.

मला आता दुसरी कामं मिळतात. एका मालिकेत मी थकलेली दुकानदारीण आहे. तिथल्या दिग्दर्शिकाबाई म्हणतात, काही करू नकोस, नुसती बोल. हे साळूपेक्षा अवघड आहे. माईकसमोर नुसतं उभं राहिलं की हात कुठे ठेवायचे कळत नाही. पण काम संपल्यावर मी जशीच्या तशी बाहेर येते, आणि घरी पोचेपर्यंत काही उतरवावं लागत नाही.

घसा बसल्यापासून आईचे रविवारचे फोन नवराच घ्यायचा. या रविवारी मी घेतला. "कशी आहेस गं?" तिने विचारलं.

मी म्हणाले, "बरी नव्हते गं. बरेच दिवस नव्हते. आता जरा आहे."

पलीकडून आई म्हणाली, "घसा बसलाय का तुझा?"

"नाही. हाच आहे."

"अगं, मग दर रविवारी मी कुणाशी बोलत होते?" ती रागावली होती आणि रडतही होती. "मी विचारायचे ना तुला? दर वेळी विचारायचे."

ती विचारायची, हे खरंच आहे. मी 'मस्त' म्हणायची आणि ती पुढच्या प्रश्नावर जायची, गुंडीवर. तिची चूक नव्हती. सगळेच तसं करतात. मीही केलंय, माझ्या मैत्रिणींच्या बाबतीत. बाळ गुटगुटीत दिसलं, आईने हसत दार उघडलं, की आपण खेळणं देतो, चहा घेतो आणि निघतो.

तुमच्या ओळखीत अशी एखादी असेल. बहीण असेल, भावजय असेल, वरच्या मजल्यावरची असेल. लहान मूल आहे, घर नीट आहे, आणि कधीही विचारा, ती छानच असते. आज तिच्याकडे जाऊन या. जाता येत नसेल तर फोन करा. बाळाचं मागाहून विचारा, आधी तिचं विचारा. ती लगेच 'मस्त' म्हणाली तर फोन ठेवू नका. थोडं थांबा, गप्प बसा, आणि तिचा आवाज खाली येतो का बघा.